पक्षाघातानंतरचे न सांगितले जाणारे दुखणे

नागपूरहून लग्नाची पत्रिका आली तेव्हा भिलाईच्या त्या घरात सगळ्यांना वाटले होते की आई आनंदाने निघतील. लग्न सख्ख्या भाचीचे होते. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालत होत्या, बसल्या बसल्या भाजी निवडत होत्या, फोनवर बहिणींशी तास तास बोलत होत्या. पण त्यांनी पत्रिका देवाजवळ ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही सगळे जाऊन या. मला काही एवढा प्रवास झेपायचा नाही.’’

प्रवास तो केवढा? दुर्गहून सकाळची गाडी पकडली की दुपारच्या जेवणाला नागपुरात. शिवाय यजमानांची सारी नोकरी भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, म्हणजे गाडीचे रूळ तयार करण्यात गेलेली. ‘‘जन्मभर मी रूळ बनवले आणि ही बाई गाडीत बसायला तयार नाही,’’ असे ते हसत सांगत. घरात कोणी गुडघ्यांना दोष दिला, कोणी आईंच्या हट्टी स्वभावाला.

खरे कारण कळले ते सूनबाईंना. तेही आईंनी सांगितले म्हणून नाही, तर खोलीच्या दारामागे, कोणाच्या नजरेला पडू नयेत असे वाळत घातलेले कपडे दिसले म्हणून. आई दिवसातून तीन-चारदा कपडे बदलत होत्या. दुपारी चारनंतर पाणी पीत नव्हत्या. देवळात जाणे त्यांनी केव्हाच सोडले होते. ‘‘लागली म्हणेस्तोवर होऊनच जाते गं. उठून काठी हाती घेईपर्यंतसुद्धा थांबत नाही,’’ असे म्हणून त्या रडू लागल्या. दोन वर्षांत हे त्यांनी प्रथमच कोणाला तरी सांगितले होते.

त्या घराची नावे येथे देणार नाही, तसे वचन दिले आहे. पण असे घर एकच नाही. भिलाईत मराठी कुटुंबे पुष्कळ. १९५६ पर्यंत दुर्ग आणि रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती आणि कारखाना उभा राहू लागला तसे विदर्भातून अनेक जण नोकरीसाठी इकडे आले. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. त्यानंतरच्या वर्षांत नोकरीला लागलेली पिढी आज सत्तरीत, ऐंशीत आहे. रक्तदाब, मधुमेह आणि त्यापाठोपाठ येणारा पक्षाघात, ज्याला इकडे सगळे लकवाच म्हणतात, या वयात घरोघर भेटतो. हाता-पायांचे काय झाले ते लोक मोकळेपणाने सांगतात. लघवीचे मात्र कोणी सांगत नाही आणि बहुतेकदा कोणी विचारतही नाही.

या घरात तर वर्षभर व्यायाम चालू होते. हाताला चेंडू दाबायचा, पायाला वाळूची पिशवी बांधायची, तोंडासाठी गाल फुगवायचे. ज्या दवाखान्यात आई आधी जात तेथे बोटांची ताकद दर महिन्याला मोजली जाई. मूत्राशयाबद्दल एक प्रश्नही विचारला गेला नाही, आणि आईही बोलल्या नाहीत. यजमानांना थोडीफार कल्पना होती. ‘‘वय झालं की चालायचंच,’’ एवढे म्हणून त्यांनी गादीवर मेणकापड घातले होते.

पण हे केवळ वयाचे नव्हते.

मेंदूचा लगाम सुटतो तेव्हा

निरोगी मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण तीनशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. ते निम्म्याच्या आसपास भरले की पाठीच्या कण्यातून मेंदूकडे पहिली खबर जाते. लघवी सोडण्याचे केंद्र मेंदूच्या देठात असते. त्या केंद्राला ‘थांब, अजून जागा मिळालेली नाही’ असे बजावून दाबून ठेवण्याचे काम मेंदूचा पुढचा भाग करतो. लहान मूल दोन-तीन वर्षांचे होता होता जे शिकते ते हेच. पक्षाघातात या भागाला किंवा त्याच्या वाटांना इजा झाली की हा लगाम सैल पडतो. मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावू लागते, लघवी एकदम जोरात लागते आणि थांबवता येत नाही.

पक्षाघातामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी शंभरात चाळीस ते साठ जणांना सुरुवातीला हा त्रास असतो, असे जगभरच्या पाहण्यांतून दिसले आहे. घरी जाताना तो सुमारे पंचवीस जणांना उरतो आणि वर्षानंतरही पंधराएक जणांना राहतो. म्हणजे पुष्कळांचे आपोआप सुधारते, ही आशेची गोष्ट. पण ज्यांचे सुधारत नाही ते पंधरा जण घराच्या दाराआड बसून राहतात आणि त्यांची मोजदाद होत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पक्षाघातानंतर लघवी कपड्यात होण्याचे कारण प्रत्येकाचे एकच नसते. काहींच्या बाबतीत वरचा लगामच सुटलेला असतो. काहींचे मूत्राशय उलट लुळे पडते, नीट रिकामे होत नाही आणि भरून वाहू लागते. अशा माणसाला सतत थेंब थेंब गळते, ओटीपोट फुगलेले असते, आणि घरच्यांना वाटते, केवढी लघवी होते आहे! पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हेच करू शकते. काही बायकांना बाळंतपणापासून खोकताना-शिंकताना थोडी लघवी होण्याची सवय असते आणि आजारपणात ती वाढते. आणि काहींचे मूत्राशय ठणठणीत असते. त्यांना फक्त पलंगावरून उठता येत नाही, साडीच्या निऱ्या किंवा पायजम्याची नाडी एका हाताने सुटत नाही, किंवा वाचा गेल्यामुळे ‘मला जायचे आहे’ हे सांगता येत नाही.

म्हणून व्यायामाला लागण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाणे आवश्यक. लघवीची साधी तपासणी केली की जंतुसंसर्ग आहे का ते कळते. लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली की मूत्राशयात किती उरते ते कळते. साखर तपासावी. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगावे, कारण भरलेले आतडे मूत्राशयाला दाबते. भिलाईकरांना यासाठी लांब जावे लागत नाही. कारखान्याचे ‘सेक्टर-९’ म्हणून ओळखले जाणारे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, आणि २०१२ पासून रायपूरला एम्सही आहे. जावे लागते ते तोंड उघडण्यासाठी. ‘डॉक्टर, लघवी आवरत नाही,’ एवढे चार शब्द बोलायचे असतात. पण ते बोलणे किती कठीण असते हे मी त्या घरात पाहिले.

तो व्यायाम कोणता?

आईंच्या घरी नवी फिजिओथेरपिस्ट येऊ लागली ती जेमतेम पंचविशीतली, छत्तीसगढी मुलगी. पहिल्याच दिवशी हात-पाय बघून झाल्यावर तिने सहज विचारले, ‘‘आंटी, बाथरूम टाइम पे पहुँच जाती हैं ना?’’ सूनबाई म्हणतात, इतक्या सरळ शब्दांत विचारल्यामुळेच आई लाजल्या नाहीत. त्या नुसतेच ‘नाही’ म्हणाल्या.

मुलीने आधी सारी तपासणी करून आणायला लावली आणि मग जो व्यायाम शिकवला त्याला ना चेंडू लागतो ना वाळूची पिशवी. शेजारी बसलेल्या माणसालाही तो कळत नाही.

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गुदद्वाराकडचे आतडे आणि बायकांत गर्भाशय या झोळीवर विसावलेले असतात. लघवीची वाट मिटून धरण्यात या स्नायूंचा मोठा वाटा असतो. १९४८ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी बाळंतपणानंतर सैल पडलेल्या या स्नायूंसाठी पद्धतशीर व्यायामाची माहिती प्रसिद्ध केली आणि आज जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे हठयोगातला मूलबंध याच भागाच्या आकुंचनाचा आहे, हे योग शिकलेल्या वाचकांच्या लगेच लक्षात येईल. पण मूलबंध पुष्कळदा श्वास रोखून, विशिष्ट आसनात करतात. रक्तदाबाच्या आणि पक्षाघाताच्या माणसाने श्वास रोखायचा नसतो. तेव्हा ‘आम्हाला येते ते’ म्हणून पुस्तकातला मूलबंध रोग्याकडून करवून घेऊ नये.

पहिली अडचण असते स्नायू सापडण्याची. चारचौघांत बसलेले असताना वारा सरू नये म्हणून आपण मागे जे आवळून धरतो, ते आठवावे. तेच आवळणे पुढे आणत, लघवी अडवल्यासारखे करावे आणि आत-वर ओढून घ्यावे. पुरुषांना लिंगाचे मूळ किंचित आत ओढले गेल्याचे आणि वृषण वर उचलल्याचे जाणवते. पोट, मांड्या, कुल्ले ढिले राहिले पाहिजेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. आईंना पहिले आठ-दहा दिवस काही जमत नव्हते. त्या सगळे अंगच आखडून घेत आणि दुबळ्या हाताची मूठ वळली जाई. मुलीने त्यांना आकुंचन चालू असताना मोठ्याने अंक म्हणायला लावले. बोलता बोलता श्वास रोखता येत नाही, एवढीच त्यातली युक्ती. 

सुरुवात पाठीवर निजून, गुडघे दुमडून करावी. दुबळा पाय बाहेर घसरतो, म्हणून त्याला उशीचा किंवा लोडाचा आधार द्यावा. आवळून तीन अंक मोजायचे, सोडून द्यायचे आणि तितकाच, वाटल्यास दुप्पट वेळ पूर्ण ढिले राहायचे. सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे, घाईने पुढचे आवळू नये. असे आठ ते दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. जमू लागले की तीनचे पाच, पाचाचे हळूहळू दहा अंक करायचे. मग बसून, मग उभे राहून. शेवटी पाच-सहा वेळा झटपट आवळणे-सोडणे. या झटपट आकुंचनाचे महत्त्व पुढे सांगते.

पुष्कळ जण लघवी करता करता मध्येच थांबवून बघतात. स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी केले तर ठीक, रोजचा व्यायाम म्हणून करू नये. त्याने मूत्राशय नीट रिकामे न होण्याची खोड लागू शकते. लघवीची नळी घातलेली असताना किंवा लघवी तुंबत असताना हा व्यायाम करायचा नाही. आणि आठवडाभरात फरक दिसेल ही आशा धरायची नाही. स्नायूंना ताकद यायला दोन-तीन महिने लागतातच.

घाईची लाट

माझ्या मनात एक शंका होती आणि ती मी त्या मुलीला विचारली. दोष जर मेंदूत आहे, तर खालचा स्नायू बळकट करून काय उपयोग?

तिने जे समजावले ते असे. खालचे स्नायू आवळले की तेथून उलट संदेश जातो आणि आकुंचन पावू लागलेले मूत्राशय काही क्षण सैल पडते. लघवीची घाई लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. माणूस चूक करतो ती नेमकी लाट चढलेली असताना धावत सुटण्याची. त्या वेळी आहे तेथे थांबायचे किंवा बसायचे, पाच-सहा वेळा झटपट आवळायचे, लक्ष दुसरीकडे वळवायचे, आणि लाट ओसरली की सावकाश चालत जायचे. मेंदूचा लगाम पुरता परत येत नाही. हाती लागतो तो एखादा मिनिट. पण खाटेपासून मोरीपर्यंत जायला तेवढाच तर हवा असतो! धावपळीत पडून खुब्याचे हाड मोडून घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या पाहिली तर हा एक मिनिट किती मोलाचा ते कळेल.

या व्यायामाने सगळ्यांचे सगळे बरे होते असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. डेन्मार्कमध्ये सिग्रिड टिबेक या फिजिओथेरपिस्टच्या चमूने पक्षाघात झालेल्या २६ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या स्त्रियांकडून बारा आठवडे हा व्यायाम करवून घेतला होता. दिवसा लघवीला जाण्याची वारंवारता आणि गळणाऱ्या लघवीचे प्रमाण त्यांच्यात कमी झाले, स्नायूंची धरून ठेवण्याची क्षमता वाढली. त्याच चमूने पुढे पुरुषांवरही अभ्यास केला आणि काही लाभ दिसला. पण सव्वीस ही संख्या लहान आहे. वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याने पक्षाघातानंतरच्या या त्रासावर कोणताच एक उपाय नक्की म्हणून सांगण्याइतका पुरावा अजून नाही असे म्हटले आहे. तरी मला वाटते, ज्या उपायाला पैसा लागत नाही, नीट शिकून केला तर ज्याचा अपाय जवळजवळ नाही, तो पुराव्याची वाट बघत तीन महिने न करण्यात काही शहाणपण नाही.

गोळ्याही आहेत. मूत्राशय शांत करणाऱ्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि वयस्करांना कधी कधी गोंधळल्यासारखे होते. नव्या प्रकारातल्या एका गोळीने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून शेजाऱ्याला लागू पडली ती गोळी आणू नये.

यजमानांची वही

या घरात व्यायामाइतकाच उपयोग झाला तो एका वहीचा. मिलमध्ये पाळी बदलताना नोंदी लिहिण्याची यजमानांची आयुष्यभराची सवय. मुलीने मूत्राशयाची रोजनिशी ठेवायला सांगताच त्यांनी शाळकरी वही आणून रकाने आखले: पाणी किती वाजता, किती पेले, लघवी किती वाजता, कपडे ओले की कोरडे. ज्या विषयावर नवरा-बायको दोन वर्षे बोलले नव्हते तो विषय असा रकान्यांत येऊन बसला. ‘‘अहो, लिहा, साडेदहा, कोरडे,’’ असे आई मोरीतून ओरडून सांगू लागल्या तेव्हा सूनबाई पदराआड हसल्या.

चार दिवसांच्या नोंदींत दिसले की जास्तीत जास्त फजिती सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान होते. सकाळी दोन कप चहा आणि त्याबरोबर घेतलेली रक्तदाबाची गोळी, जी लघवी वाढवणारी होती. गोळी मनाने बंद केली नाही, करायचीही नसते. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. चहा एका कपावर आला. मग वहीवरूनच दर दोन तासांनी, लागो न लागो, जाऊन यायचे ठरले. कोरडे दिवस वाढले तसे ते अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच तासांपर्यंत नेले.

पाण्याच्या बाबतीत आईंची समजूत पक्की चुकीची होती आणि ती पुष्कळांची असते. पाणी तोडले की लघवी दाट होते, मूत्राशयाला अधिकच टोचते, जंतुसंसर्ग होतो आणि बद्धकोष्ठही होते. भिलाईच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाकडे जात असताना, चारनंतर पाणी न पिणे म्हणजे नवे दुखणे ओढवून घेणे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी बंधन घातले नसेल तर दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी हवेच. झोपण्याआधीचे दोन-तीन तास तेवढे हात आखडता घ्यावा.

बाकीच्या सुधारणा सुताराने आणि शिंप्याने केल्या. त्यांच्या क्वार्टरमधला संडास जुन्या पद्धतीचा, एका पायावर जोर देऊन उकिडवे बसणे अशक्य. तेथे कमोडची खुर्ची आली, भिंतीला उजव्या हाताच्या बाजूला लोखंडी दांडा बसला. परकरांच्या नाड्या जाऊन इलॅस्टिक आले. घरात त्या गाऊन घालू लागल्या, याला यजमानांचा आधी थोडा विरोध होता! रात्री वाटेत मिणमिणता दिवा आणि खाटेजवळ घंटी. वाचा गेलेल्या रोग्यासाठी अशी घंटी किंवा लोट्याचे चित्र काढलेला एक पुठ्ठासुद्धा पुरतो.

लघवीला जळजळ, ताप, रक्त दिसणे, किंवा कित्येक तास लघवीच न होऊन पोट फुगणे असे काही झाले तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. चांगला चाललेला माणूस अचानक पुन्हा कपडे ओले करू लागला आणि त्याबरोबर तोंड वाकडे, बोलणे जड किंवा हात-पाय लुळा वाटला, तर एक मिनिटही घालवू नये; तो नवा झटका असू शकतो.

आई नागपूरच्या लग्नाला गेल्या नाहीत. तेव्हा व्यायामाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. गेल्या ते चार महिन्यांनी, भाचीच्या मंगळागौरीला. रात्री अजूनही कधी कधी कपडे ओले होतात, मोठा खोकला आला की थोडे होतेच, आणि बाहेर पडताना त्या पॅड लावतात. गाडीतली जागा यजमानांनी मुद्दाम डब्याच्या टोकाची, संडासाजवळची घेतली होती. डोंगरगडच्या आसपास घाई झाली. आईंनी समोरच्या बाकाचा दांडा धरला, डोळे मिटले आणि पाच-सहा वेळा आवळून थांबल्या. मग काठी घेऊन सावकाश उठल्या.

परत आल्यावर यजमानांनी वहीत त्या दिवसाची नोंद केली. गोंदिया, पावणेअकरा, कोरडे.